लोहचुंबक जिथे निसटला

१९५७, मार्चमधला एक रविवार. काम एकच: लालबागच्या आमच्या चाळीच्या नळाला कुठे शिशाचा पाइप आहे का, ते बघणं.

आदल्या दिवशी शेजारच्या चाळीसमोर रस्ता खणला, तेव्हा आतून राखाडी, मऊ पाइप निघाला होता. शिसं मी ओळखते. माझे यजमान तेव्हा गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. हात धुतल्याशिवाय घासाला हात लावू नका, असं डॉक्टर त्यांना बजावत. त्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. चाळीतले पुरुष, यजमानांसकट, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले होते. त्यांची वाट बघत बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तळमजल्यावरच्या शिंप्याकडून सुया वेचायचा लोहचुंबक मागून आणला. लोखंडाला तो चिकटतो, शिशाला नाही. वरच्या मजल्यापासून पाइपाला लावत खाली निघाले.

मालवणी शेजारीण कठड्यावरून वाकून म्हणाली, "काय गो, नळाक ताप इलो?"

"आला तर तुलाच चढेल. ये, स्टूल धर."

तिन्ही मजले चुंबक चिकटत गेला. सगळं लोखंड. जिन्याखाली, पाइप रस्त्यावरून आत येतो तिथे मात्र चुंबक निसटला आणि माझ्या पायावर पडला. सुरीने रंग खरवडला. आत चकचकीत, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. हातभर तुकडा.

गल्लीतला प्लंबर दुपारची झोप काढत होता, त्याला उठवून आणलं. बघून म्हणाला, "एवढाच आहे, बाई. आठवड्याभरात बदलून देतो. तोवर रात्रभर साचलेलं पाणी पिऊ नका, शिसं त्यातच उतरतं. सकाळी चार बादल्या जाऊ द्या, मग भरा."

एवढाच, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात लक्षात आलं. आमच्या चाळीत सकाळचं पहिलं पाणी गर्भारशीचं. तिची कळशी रांगेशिवाय आधी भरायची, हा तिचा मान. म्हणजे नेमकं तेच पाणी माझी मुलगी पीत होती.

संध्याकाळी तिला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "येऊन किती दिवस झाले?"

"चार."

"मग घाबरू नका. चार दिवसांनी काही होत नाही. आता पाजू नका म्हणजे झालं."

घरी आले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुपारी घास उतरला नव्हता.

उद्यापासून पहिली कळशी मुलीची नाही, हे शेजारणीला मात्र पटेना. "पोटुशीचो मान काढून घेतंस? लोक काय म्हणतले?"

"म्हणू देत. त्यांनाही त्या पाण्याचा चहा नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी खाली उभी होते. पहिल्या चार बादल्यांनी जिना धुतला आणि मग मुलीची कळशी भरली.