सगळ्यांत शेवटी मर्ल

कुराबिन गावात मर्ल हॅनिगनला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दर दोन वर्षांनी बायकांच्या छातीतल्या गाठी तपासणारी गुलाबी गाडी बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या क्लबच्या, मागं येऊन उभी राहिली, की ही बाई घराघरांतून बायका हाकून आणायची. जन्म मेंढ्या हाकण्यात गेलेला, तिला काय अवघड!

"चल गं ग्लेनिस, यंत्र काय तुला खातंय?"

"खात नाही, पण दारात बोट चेपावं तसं चेपतंय मेलं!"

क्लबात मर्लचा पॅशनफ्रूट केक मांडलेला असायचा. पण शेवटची बाई तपासून बाहेर येईस्तोवर त्याला सुरी लावायची नाही, हा रिवाज. आणि शेवटची नेहमी मर्लच. मेंढ्या आत गेल्या की फाटक लावायचं काम सगळ्यांत मागून येणाऱ्याचं, असं तिचं म्हणणं.

मग ती साथ आली आणि गाडी यायची बंद झाली. नेमकं त्याच हिवाळ्यात अंघोळ करताना मर्लच्या बोटाला काहीतरी लागलं. डाव्या अंगाला, काखेजवळ, वाटाण्याएवढं. सांगितलं ते फक्त शेजारच्या ग्लेनिसला, तेही कुंपणाआडून.

"अगं बाई, मग शहरातल्या इस्पितळात फोन लाव की!"

"वेडी का तू? तिथं माणसं श्वासासाठी तडफडतायत. त्यांच्या रांगेत मी घुसू, एका वाटाण्यासाठी? गाडी आली की बघू."

रांगेत घुसणं म्हणजे त्या गावात चोरीहून वाईट. ग्लेनिसलाही ते पटलं, हेच तर वाईट झालं. कारण तिकडे शहरात, गाठ लागलेल्या बायकांसाठी यंत्राची खोली उघडीच होती. दिवे लावून यंत्रावरच्या मुली नुसत्या बसून होत्या. येणार कोण? जी ती दुसऱ्या कुणासाठी जागा सोडून घरी थांबलेली.

गाडी परत आली तोवर दुसरा हिवाळाही सरला होता. मर्लनं बायका गोळा केल्या, पण केकचं ताट उजव्या हातानंच उचललं. डावा हात पोटाशी धरलेला.

"आज तरी पहिली जा," ग्लेनिस पुटपुटली.

"आणि फाटक कोण लावणार?"

एकेक जण गेली, हसत बाहेर आली. सरतेशेवटी मर्ल आत शिरली. यंत्रावरची पोरगी पहिल्यापासून टकळी चालवत होती: पाऊस, कुत्रा, नवऱ्याचं घोरणं. डावी बाजू पडद्यावर आली आणि टकळी थांबली. तिनं पुन्हा एकदा चित्र घेतलं. मग आणखी एकदा. मुखपट्टीवरचे तिचे डोळे काही मर्लकडे वळेनात.

"तुमच्यासोबत कुणी आलंय का हो, मर्ल?"

"सगळं गाव आलंय. केकसाठी खोळंबलंय."

"तुम्हाला जरा वेळ लागेल. तसं सांगू त्यांना?"

मर्लनं अंगावरचा झगा नीट ओढून घेतला.

"त्यांना म्हणावं, केक कापून घ्या."

निरोप क्लबात पोचला. ग्लेनिसनं केकवरच्या माशा तेवढ्या हाकलल्या. सुरीला कुणी हात लावला नाही.