सोन्याच्या खाणीत नितीनची आई

आमच्या ग्रुपने आजवर एकही ट्रिप धड केलेली नाही. परत येताना गाडीत ओले मोजे, अर्धी चिवड्याची पिशवी आणि तीन-चार किस्से एवढंच उरतं. मोजे वाळतात, चिवडा संपतो, किस्से मात्र ग्रुपच्या दर पॉटलक जेवणाला वाढत जातात! म्हणून इथल्या, अमेरिकेतल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावांची ट्रिप, शेखरने आणखी मीठमसाला लावायच्या आत, मीच सांगून टाकते.

आधी मंडळी. मी, नवरा अविनाश, आमची आठ वर्षांची रिया, जगातलं सगळं माहीत असलेला पुण्याचा शेखर आणि नितीन. सोबत सांगलीहून आलेल्या नितीनच्या आई, म्हणजे आमच्या काकू. काकू एसटीत कंडक्टर होत्या. आपण रिटायर झालोय हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितलेली नव्हती. नितीनची नोकरी जाऊन त्या शनिवारी बरोबर तीन आठवडे झाले होते. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, की व्हिसा संपला, गाशा गुंडाळा! “आईला कळता कामा नये यार, बीपी आहे तिला,” अशी शपथ त्याने आम्हाला घातली होती. रोज सकाळी डबा घेऊन “ऑफिसला” म्हणून लायब्ररीत जाऊन बसायचा बिचारा. फार वाईट वाटायचं.

*

नोकरी नाही म्हटल्यावर वेळच वेळ. नितीनने ट्रिपची एक्सेल शीट केली, तिला चार टॅब. त्यातला एक टॅब फक्त टॉयलेटचा!

आमच्या फॉल्सम गावाहून डोंगराकडे निघालो, ते शीटमधल्या आठ वाजून पाच मिनिटांनी नाही, पावणेदहाला. खाणीपाशी पोचलो आणि नितीनची परीक्षा सुरू झाली. दहा वर्षं अमेरिकेत ड्राइव्ह करतोय, पण रिव्हर्स घ्यायचा म्हटलं की ह्याला घाम फुटतो. तिसऱ्यांदा चुकल्यावर काकू दार उघडून खाली उतरल्या आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!” आणि डिकीवर फाडकन हात.

पलीकडे एक गोरे आजोबा ट्रक लावत होते, तेसुद्धा जागच्या जागी थांबले.

“आई, कॅमेरा आहे गाडीला!”

“असेल. त्याला हात आहे का मारायला?”

*

खाणीत शिरताना सगळ्यांना हेल्मेट. काकूंचा अंबाडा हेल्मेटात मावेना, हेल्मेट अंबाड्यावर बसेना. शेवटी ते डोक्यावर कलशासारखं ठेवून काकू आत शिरल्या आणि दर वळणावर आमची डोकी मोजायला लागल्या.

गाइड सांगत होता, जगभरातून माणसं इथे सोन्यासाठी आली, परदेशी लोकांना वेगळा टॅक्स भरावा लागायचा, आणि बरेच जण हात हलवत परत गेले.

“म्हणजे काहीच बदललं नाही,” शेखर म्हणाला. हुशारी दाखवायची जागा तरी बघावी माणसाने!

तेवढ्यात आमच्या कन्यारत्नाने खणखणीत आवाजात विचारलं, “नितीनकाका, डिड दे ऑल्सो गेट ओन्ली सिक्स्टी डेज?”

आम्ही सगळे हळूच काकूंकडे बघायला लागलो. काकू मान वर करून छताकडे बघत होत्या.

“पाणी गळतंय इथं,” त्या म्हणाल्या. “चला पुढं, दारात गर्दी करू नका.”

हुश्श! काकूंना इंग्लिश कळत नाही, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानले.

*

मग ओढ्याकाठी परातीत वाळू घेऊन सोनं शोधायचा कार्यक्रम. घरी एक भांडं न विसळणारा अविनाश तासभर वाकून परात विसळत होता! आणि अचानक ओरडला, “मिळालं!”

खरंच, वाळूत चमचमणारा कण. फोटो झाले, व्हिडिओ झाला, नागपूरला सासूबाईंना मध्यरात्री उठवून कॉल झाला. शेखरने भिंग काढलं. शेखरकडे भिंगही असतं. बराच वेळ निरखून त्याने भिंग परातीवरून उचललं आणि रियाच्या बुटांवर धरलं.

बुटांची अर्धी चमकी गळालेली होती.

*

शेवटचा स्टॉप सफरचंदांची बाग. ऑक्टोबर असल्यामुळे बाहेर भोपळ्यांचा डोंगर.

“ह्याची भाजी करतात का घारगे?” काकूंनी विचारलं.

“काकू, इथे हे दारात ठेवतात.”

“आणि मग?”

“मग कुजतात.”

काकूंनी अमेरिकेबद्दलचं मत त्या क्षणी पक्कं केलं. एक भोपळा उचलून त्या थेट मालकापुढे गेल्या आणि अर्धाच मागितला. वर अट अशी, की पहिली सुरी बाईने लावायची नसते, तेव्हा पुरुषाने कापून द्या! हे इंग्लिशमध्ये समजावता समजावता सर्वज्ञ शेखर पार आडवा झाला. म्हाताऱ्या मालकाने निमूटपणे सुरा आणून भोपळा कापला. काकूंनी खूश होऊन त्याच्यापुढे स्वतःचा घारग्यांचा डबा उघडला.

आम्ही सफरचंदं तोडायला गेलो.

*

अर्ध्या तासाने परत आलो, तर काकू अजून तिथेच. मालक तिसरा घारगा खात होता. त्याच्या मागे पाटी होती, ‘हेल्प वॉन्टेड’. आणि काकू त्या पाटीवर बोट ठेवून बोलत होत्या. चक्क इंग्लिशमध्ये!

“माय सन. कॉम्प्युटर. व्हेरी हार्डवर्किंग. जॉब गॉन. थर्टी-नाइन डेज लेफ्ट. यू गिव्ह व्हिसा?”

एकोणचाळीस! आम्हीसुद्धा इतका चोख हिशेब ठेवला नव्हता.

सफरचंदांची टोपली घेतलेला नितीन दारातच थिजला. “आई... तुला कधीपासून...”

“तू ऑफिसातनं हसत यायला लागलास तेव्हापासून.”

शेखरने नितीनच्या हातातली टोपली काढून घेतली.

मालकाने हात पुसले. चष्म्यातून नितीनला नखशिखांत न्याहाळलं. व्हिसाचं त्याला काही कळलं असेल असं वाटलं नाही. त्याने काकूंना एवढंच विचारलं, “ह्याला ट्रॅक्टर रिव्हर्स घेता येतो?”

नितीनने तोंड उघडलं. काकूंनी त्याच्या दंडाला धरलं.

“हो म्हण,” त्या म्हणाल्या. “येऊ दे, येऊ दे करायला मी आहे.”