महालक्ष्म्यांपुढचं अंतराळयान

आभाळातून अमेरिकेचं यान खाली पडणार, ही बातमी किन्हीराजात रेडिओवरून आली आणि दोन दिवसांत गावानं तिच्यात पुष्कळ भर घातली. ते नेमकं वऱ्हाडावर पडणार, हेही ठरून गेलं. शेजारच्या घरी सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या. नंतर त्या खाणार कोण? यान शेवटी दूर समुद्राकडे कुठेतरी पडलं. शेजाऱ्यांना कोंबड्यांची हळहळ राहिली आणि माझ्या धाकट्या दिराच्या डोक्यात यान राहिलं.

सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. जिल्हा फुटायचा होता, आमचं गाव अजून अकोला जिल्ह्यातच होतं. यजमान बाहेरगावी नोकरीला, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. घरात सासू-सासरे, मी आणि हा दीर. कॉलेजात दोनदा आपटून तो परत आला होता, पण अकोल्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून हात मात्र चांगला बसवून आला होता. त्याला गावात स्वतःचं दुकान टाकायचं होतं. त्यासाठी आमची रस्त्याकडची खोली हवी होती, आणि त्या खोलीत मामंजींची सरकीची पोती होती. मामंजींच्या मनात वेगळंच होतं. कारंज्याला त्यांच्या मावसभावाची कापसाची अडत होती, तिथं पोराला बसवायचं.

"कारंज्याले जाय. चार मानसात बसशीन, कापूस तरी ओयखशीन."

"मले नाई जायचं, बाबा."

"मंग इथं काय करशीन? लोकायचे डबे खोलत बसशीन?"

"खोलतो, तसे लावूनबी देतो."

"हो, अन दोन स्क्रू उरवतो," मी म्हटलं. खरंच उरायचे.

"वैनी, तुमी कोनाकडून हाय?"

यातून वाट काढली आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्यांना दुकानाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना समोरच्या घराचं पडलं होतं. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवस त्या घरात उभ्या असतात आणि सगळं गाव घरोघर त्यांची आरास बघत फिरतं. आदल्या वर्षी समोरच्यांनी अकोल्याहून विजेच्या दिव्यांच्या माळा आणल्या होत्या.

"लोकं पाया पडाले माया घरी, अन पाहाले तिच्या घरी!" आत्याबाई म्हणाल्या. "औंदा काहीतरी करा बाप्पा. तुया रेडिओचा उपेग तरी होऊ दे."

"यान करतो," दीर म्हणाला. "अंतराळयान. खिडक्यांत उजेड. महालक्ष्म्या आभाळातून उतरल्या, असा देखावा."

मामंजी हसले. मग त्यांनी अट घातली. उजेड सेलवर चालला पाहिजे, कारण गावातल्या विजेचा भरवसा नव्हता. सेल एकदाच टाकायचे, बदलायचे नाहीत. तिन्ही संध्याकाळी, विसर्जनाच्या अक्षता पडेपर्यंत खिडक्या पेटत्या राहिल्या तर खोली त्याची. मधेच सेल संपले तर दुसऱ्या दिवशीची कारंज्याची एसटी.

दीर तोंडभरून हो म्हणाला आणि मग माझ्याकडे आला.

टॉर्चचे छोटे बल्ब लावले असते तर तीन सेल एका संध्याकाळीच दमले असते. पण त्यानं अकोल्याहून एक नवी वस्तू आणली होती. तुरीच्या दाण्याएवढा लाल दिवा, खाली तारेचे दोन पाय. एलईडी म्हणतात, म्हणाला. तापत नाही आणि सेलला फार खात नाही. मला दाखवायला त्यानं एक थेट तीन सेलना जोडला. डोळ्यांत भरेल असा लखकन पेटला आणि कायमचा गेला.

"हे असं तीन दिवस चालायचं का?" मी विचारलं.

"मधे रेझिस्टन्स लावाचा राहिला," तो म्हणाला. म्हणजे वीज अडवून बेताबेतानं सोडणारा एक बारीक नळकांडीसारखा तुकडा. पुढच्या वेळी लावला आणि दिवा शांतपणे जळत राहिला. मला ती वस्तू तिथंच आवडली. एवढंसं तोंड, आणि खाणं मोजकं.

यानासाठी आत्याबाईंनी बियाण्याचा वाळका तुंबा, म्हणजे दुधी भोपळा, दिला. लांबट, फुगीर, टणक. शेपटाला जुनं नरसाळं, पंखांना तुपाच्या डब्याचा पत्रा, वरून चांदीचा रंग. दिसायला झकास झालं. पण तुंब्याचं तोंड माझ्या दोन बोटांएवढं. आठ खिडक्यांचे आठ दिवे आत बसवायचे कसे?

"मधून चिरू," दीर म्हणाला.

"चिरलेलं महालक्ष्म्यांपुढे ठेवत नाई," आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं.

"मंग भोकं कशी चालतात?"

"बासरीले नसतात काय?"

भोकं पाडली, तापवलेल्या दाभणानं. पुढची युक्ती मला परकराला नाडा ओवताना सुचली. नाड्याला आपण मागून ढकलत नाही, पुढून ओढून घेतो. मी दोऱ्याला मणी बांधला, खिडकीच्या भोकातून आत सोडला आणि तुंबा कलता करून हलवला. मणी तोंडातून बाहेर आला. त्या दोऱ्याला दिवा बांधला आणि भोकाकडून हलकेच ओढला. दिव्याच्या बुडाशी एक बारीक कड असते, तिच्यामुळे तो बरोबर भोकात अडकून बसला. वरून लाखेचा थेंब.

दीर बघतच राहिला. "वैनी, अकोल्यात हे कोनी शिकवलं नाई मले."

"अकोल्यात परकर कोण शिवतं?"

दिव्याचा लांब पाय सेलच्या टोपीकडे लागतो, आखूड बुडाकडे. उलटं झालं तर पेटत नाही. आत गेल्यावर कुठला पाय कुठला हे कळणार नाही, म्हणून लांब पायाच्या वायरीला लाल दोरा, आखूडच्या वायरीला काळा. पाय एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून घातली. जोडांना कथलाचा डाग द्यायचं लोखंड मी चुलीच्या निखाऱ्यात तापवून देत होते आणि दीर डाग देत होता. पुढे पुढे तो तापवायचा आणि मी डाग द्यायचे, कारण माझा हात कापत नव्हता. पोळ्या लाटताना इतकी मजा मला कधी आली नव्हती. नरसाळ्यात टॉर्चचा एकच बल्ब बसवला, वर नारिंगी पतंगी कागद. तो खादाड, म्हणून त्याचं बटण वेगळं, फक्त आरतीपुरतं.

महालक्ष्म्या उभ्या राहिल्या त्या दिवशी यान त्यांच्या डोक्यावर मांडवीला, म्हणजे वरच्या चौकटीला, टांगलं. सेल आम्ही चौरंगाखाली ठेवणार होतो. आत्याबाईंनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"देवीच्या पायाखाली मसाला भरलेले डबे? मांगं ठेवा, कोठीमांगं."

महालक्ष्मीचं धड म्हणजे धान्य भरलेली पत्र्याची कोठी, तिलाच लुगडं नेसवतात. सेल तिच्यामागे गेले, वायर अपुरी पडली. दिरानं घाईत दोन तुकडे जोडले. रबरी नळी संपली होती, तेव्हा दोन्ही जोडांवर नुसता डिंकाचा कागद. वरून आत्याबाईंनी लुगड्याच्या निऱ्या चापून बसवल्या. त्या वर्षी समोरच्या घराला उत्तर म्हणून त्यांनी माहेरचं खऱ्या जरीचं लुगडं काढलं होतं.

पहिली संध्याकाळ उत्तम गेली. दुसऱ्या संध्याकाळी महालक्ष्म्यांचं जेवण असतं, तो मोठा दिवस. नेमकी वीज गेली. समोरच्या माळा विझल्या आणि सगळी गर्दी आमच्या दारात. समईच्या उजेडात ते चंदेरी यान, त्याच्या आठ लाल खिडक्या. बाया आत येत, ओटी भरत, मान वर करून बघत.

"अवं माय, हे पडलं नाई काय अजून?" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आत्याबाई इतक्या खुलल्या होत्या की समोरचीलाही त्यांनी हात धरून आत आणलं.

ओटीचे नारळ, खण, तांदूळ देवीपुढे साचत गेले, पदरावरही आले. आणि खिडक्या मंदावल्या. मंदावल्या आणि विझल्या.

दारातून मामंजींचा आवाज आला. "काहून रे, निघालं काय तुयं विमान कारंज्याले?"

दिराचा चेहरा मी समईच्या उजेडात पाहिला. तो पुढे झाला, पण आत्याबाई आडव्या आल्या. एकदा उभी राहिलेली महालक्ष्मी विसर्जनापर्यंत जागची हलवत नाहीत. सेल तिच्यामागे, वायर तिच्या लुगड्याखाली. मग आत्याबाईंनी खुंटीवरचा पडदा ओढला.

"चला, चला, बाहेर व्हा सगळे. महालक्ष्म्या जेवून राह्यल्या."

आमच्याकडे नैवेद्य दाखवला की देवींना निवांत जेवू देतात, पडदा लावून घरचेही बाहेर जातात.

"अवं, पुरन वाढलं नाई अजून!" मामंजी म्हणाले.

"वाढते ना! तुमाले काय घाई हाय?"

सगळे बाहेर गेले. दीरही गेला, पुरुषाला तिथं थांबता येत नव्हतं. आत मी आणि आत्याबाई.

"हलवू नको तिले."

"नाही हलवत."

"अन पाया पड पहिले."

मी पाया पडले आणि कोठीमागे हात घातला. सेल नुकत्या उकडलेल्या बटाट्यासारखे गरम. म्हणजे सेल मेलेले नव्हते, कुठेतरी वीज वाया चालली होती. मी आधी एक टोक सोडवलं. मग वायरीवरून बोट फिरवत गेले. निऱ्यांमागे दोन्ही जोड एका उंचीवर शेजारी शेजारी होते, वरचा कागद फाटलेला, आणि ओटीच्या वजनानं ताणलेला लुगड्याचा काठ दोन्हींवर घट्ट बसलेला.

"आत्याबाई, लुगड्याची जर खऱ्या चांदीची आहे ना?"

"मंग! माया बापानं घेतलेली हाय."

"तिनंच दिवे घालवले. वीज वर यानात जातच नाही, इथंच काठातून परत फिरते."

"माया बापाचं नाव नको घेऊ," त्या म्हणाल्या, आणि मग, "काय पायजे ते सांग."

कोपऱ्यात पळसाच्या पत्रावळींची चळत होती. मी एक कोरडं पान मागितलं, आणखी एक मागितलं. एक दोन जोडांच्या मधे सरकवलं, दुसरं जोडांवर, काठाच्या आत. जरीवर मोहरीएवढा काळा डाग पडला होता. आत्याबाईंनी तो पाहिला आणि निरी आत घेतली. मी टोक जोडलं. आठही खिडक्या पेटल्या. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी माझे गाल धरले, हाताला लागलेल्या हळदीकुंकवासकट, आणि घाईघाईनं पुरण वाढायला पळाल्या.

पडदा निघाला तेव्हा बाहेर एकच गलका झाला. मामंजी वर बघत होते.

"आज महालक्ष्म्या लय घाईनं जेवल्या," ते म्हणाले.

"तुमी अर्ध्या तासात बारा पोया खाता, त्यायले कोन बोलते काय?" आत्याबाई म्हणाल्या.

पण वाया गेलेली वीज परत येत नाही. रात्री खिडक्या फिक्या दिसत होत्या आणि अजून एक संध्याकाळ बाकी होती. दीर म्हणाला, गुपचूप नवे सेल टाकू. मी नाही म्हटलं. अट मान्य केली होती आणि मला खोली चोरून नको होती. मी नरसाळ्यातल्या बल्बची वायर सोडून टाकली. सकाळी सेल काढले आणि न्हाणीवरच्या पत्र्यावर उन्हात मांडले. सेल उन्हात ठेवले की थोडा जीव धरतात, हे तेव्हा घरोघर माहीत होतं.

मामंजी तोंड धुवायला आले.

"काय वायवून राह्यली, सूनबाई? पापड?"

"सेल."

मला वाटलं, आता अट मोडली म्हणतील. त्यांनी एक सेल उचलला, कानाशी धरला, का ते मला आजवर कळलेलं नाही, आणि दुसऱ्या अंगावर ठेवला.

"उलटत-पालटत राह्य. एकाच अंगानं तापले तर काई उपेग नाई."

दुपारी मी भाकरी टाकत होते तेव्हा ते स्वतःच दोनदा न्हाणीकडे जाऊन आले.

संध्याकाळी खिडक्या पेटल्या, विझत्या निखाऱ्यासारख्या, पण आठच्या आठ. आरती संपली. दीर देवीकडे बघत नव्हता, यानाकडे बघत होता. तसे आम्ही सगळेच. मामंजींनी अक्षता हातात घेतल्या आणि नेहमी सावकाश म्हणायची प्रार्थना त्यांनी त्या दिवशी इतक्या भरभर म्हटली की आत्याबाईंना हसू आवरेना. अक्षता पडल्या. देवी हलवली. खिडक्या अजून लाल होत्या.

"पेटून हाय," मामंजी म्हणाले. "दिसलं सगळ्यायले? मंग झालं."

त्यांनी धोतराचा काचा मारला, रस्त्याकडच्या खोलीत गेले आणि सरकीचं पहिलं पोतं ओढत बाहेर काढलं.

"पाहून काय राह्यले? उचला. अन सूनबाई, दुपारची घंटाभर तू बसत जाय तिथं. याचे स्क्रू उरतात."

मी झाडू आणायला गेले, कारण पोत्यांखाली काय काय निघणार होतं ते मला माहीत होतं.