एकाच पुनवेच्या दोन जत्रा

माझी लेक पुण्याला शिकते. यंदा आमच्या जत्रेच्या थोडे दिवस आधी ती घरी आली आणि आल्या आल्या तिनं माझ्या पुढ्यातलं लसूण पाखडायचं सूप बाजूला सारून मोबाइल नाकासमोर धरला. ‘मम्मी, हे बघ. उन्हाळ्यात जगात कुठं कुठं भारी जत्रा भरतात ते.’ मी बघायला लागले. कुठल्याशा देशात गल्लीभर माणसं एकमेकांना टमाटे फेकून मारत होती, नुसता चिखल. दुसरीकडं म्हणे उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही, तिथल्या बाया डोक्यात रानफुलं माळून खांबाभोवती फेर धरून नाचत होत्या. तिसऱ्या ठिकाणी चांगले धडधाकट बापे बैलांच्या पुढं जीव घेऊन पळत होते. ‘लोक विमानानं जातात गं हे बघायला,’ लेक म्हणाली. ‘तुला यातल्या कुठल्या जत्रेला जावं वाटतंय?’

‘माझ्या माहेरच्या.’

‘अगं, मी जगातलं विचारतेय.’

‘मग माझं माहेर काय जगाच्या बाहेर आहे का?’

ती हसायला लागली. ‘एवढंच ना? मग जा की! जीपनं जाता येतं तिथं.’ माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! लसणाचं सूप उचललं आणि आत निघून गेले. तिची काय चूक? तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की जीपनं जाता येतं अशा जत्रेला तिची आई लग्न झाल्यापासून धड एकदाही गेली नव्हती. म्हणजे लेकीच्या वयापेक्षा जास्त वर्षं.

माझं माहेर नांदूरघाटच्या पलीकडची एक वाडी. मेंढरं राखणाऱ्यांची घरं. सासर केजच्या अलीकडं, शेतीवाल्यांचं. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला माणूस पोचतं, इतकंच अंतर. पण दोन्ही गावांच्या जत्रा एकाच दिवशी, चैत्री पुनवेला. लग्न ठरवताना लोक पत्रिका बघतात, जमीन बघतात, पोरगा दारू पितो का विचारतात. जत्रा कवा असते हे कुणीच विचारत नाही.

आता माहेरची जत्रा म्हणजे काय होतं, ते सांगते. वाडीच्या वरच्या माळावर देवाचं छोटं देऊळ. पहिला निवद आमच्या घराचा, हा पिढ्यांचा मान. भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की माझी माय मेंढीच्या दुधात शिजवलेला भात ताटात घेऊन अनवाणी निघायची. पुढं ढोल, मागं गाव. मी तिच्या पदराला धरून पाय उडवत चालायची, खाली माती अशी तापलेली. निवद झाला की मगच बाकीच्यांचे नारळ फुटायचे. मग कासाराच्या पालावर बांगड्या, गोडीशेव, आणि सासरहून आलेल्या साऱ्या लेकी. कुणी ऊसतोडीवरून परस्पर आलेली, कुणी पोर काखेला मारून. दिवाळीला न येणारी लेकसुद्धा जत्रेला यायचीच. मला वाटायचं, आपणपण मोठेपणी अशाच येऊ, मायच्या शेजारून चालू. आता धरायला पदर नको, नुसतं शेजारी. माझी हौस एवढीच होती.

आणि माझ्या वाट्याला काय आलं? चूल. सासरची जत्रा देवीची. पुनवेला पुरणाचा निवद, दुसऱ्या दिवशी कंदुरी, म्हणजे बकऱ्याचं जेवण. पुनवेला सकाळपासून पुरण वाटून वाटून खांदा निखळायची वेळ. पाव्हणे किती येतील याला धरबंध नाही. आमच्या मालकांचे मित्र, मित्रांचे मेव्हणे, मेव्हण्यांच्या ओळखीचे. पंगत उठली की दुसरी बसायला तयार. देवीचं दर्शन मला व्हायचं ते तिसऱ्या दिवशी, तेव्हा देवळात उष्ट्या पत्रावळी आणि कुत्री.

पहिल्याच वर्षी मी नवी नवरी, तोंड उघडलं. पंगतीत वाढता वाढता सासऱ्यांना म्हणलं, ‘मामा, दोन्हीतल्या एका गावानं जत्रा एक दिवस मागंपुढं केली तर न्हाई का चालायचं? लेकी-सुनांना दोन्हीकडं जाता यील.’ अख्खी पंगत हसली. सासरे म्हणाले, ‘देव काय यस्टी हाय का पोरी, येळ बदलायला?’ एक जण तर हसून हसून ठसका लागून पाणी मागायला लागला. ते पाणीही मीच दिलं. त्यानंतर मी कधी बोलले नाही. माय दर वर्षी निरोप धाडायची, नंतर फोनवर बोलायची. म्हणायची, तिथीच तशी हाय, काय करावं. मीपण तेच म्हणायची.

मागच्या वर्षी चैत्रात धाकट्या भावाचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. ‘ताई, तुझं नशीब उघडलं बघ! यंदा आपली जत्रा पुनवेला न्हाई, पुनवेच्या तिसऱ्या दिशी.’

‘कावून?’

‘आगं, नाचणारी बाई आनायलोत आपन! लई मोठी हाय, रिलवर लाखानं बघत्यात तिला. तिची पुनवेची तारीख गेलती. मंग पुढारी म्हनले, जत्राच सरकवा.’

म्हणजे बघा. मी विचारलं तेव्हा देव यस्टी नव्हता. नाचणारीची तारीख मिळेना म्हणल्यावर मात्र एका बैठकीत, चहाचा कप हातात असताना, देवानं आपली तिथी सोडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि लाज वाटते सांगायला, त्याच वेळी आनंदपण इतका झाला की फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत होते. नाचणारी येवो नाहीतर हत्ती येवो, मला काय त्याचं! मी जाणार होते. घरातही कुणी आडवं आलं नाही, कारण आमची पुनव आणि कंदुरी तोवर उरकलेली. मालक म्हणाले, ‘जा की. कवा न्हाई म्हनलं मी?’ ते मी गिळलं. जायचं होतं ना.

हिरवी साडी नेसून गेले. वाडीत शिरताना रस्त्यावर पुढाऱ्यांच्या फोटोंच्या कमानी, भोंग्याचा कानठळ्या बसवणारा आवाज. घरी आले तर माय ओसरीत भिंतीला टेकून लोकर पिंजत बसलेली. अंगावर रोजचं लुगडं.

‘माय, आवर की. ऊन डोक्यावर आलं. भात कुठं हाय?’

‘कशाचा भात?’

‘निवदाचा!’

‘माझी जत्रा परवाच झाली,’ ती म्हणाली. मान वर केली नाही.

हळूहळू सगळं कळलं. पुनवेला भर दुपारी तिनं एकटीनं भात शिजवला, ताट घेतलं आणि एकटीच माळावर गेली. ढोल नाही, गाव नाही. देवळाला रंग देणारे दोघे शिडीवर चढलेले, त्यांना खाली उतरवून तिनं निवद दाखवला. कमिटीवाले आदल्या सांजेला येऊन गेले होते. म्हणले, आजी, उद्या पुन्ना एकदा निवद घिऊन चला, पुढाऱ्याच्या हातानं नारळ फोडायचाय. तिनं त्यांना उंबरठ्यावरूनच परत लावलं. आता दुसऱ्याच कुणाच्या घरचं ताट नेणार होते.

मी तिच्यापुढं बसले. सुरुवातीला गोड बोलले. मग पाया पडले. म्हणलं, देवासाठी नको, माझ्यासाठी चल. रिकामं ताट घेऊन चल. नुसती माझ्याशेजारून माळावर चल, मी आयुष्यात एवढंच मागितलंय. ती लोकर पिंजतच राहिली.

‘देवाला फशिवता येत न्हाई, बाई.’

तेव्हा माझा तोल गेला. ‘त्या देवानं मला इतकी वर्षं फशिवलं, ते चालतंय का? पुनव पुनव करत बसलीस! त्या पुनवेपायी मी तुझ्या घरची जत्रा बघितली न्हाई कवा!’

आता तिनं मान वर केली. ‘पुनवेपायी?’ ती म्हणाली. ‘पुनवेनं तुला आडवलं न्हाई. सैपाकानं आडवलं. पुनव तर साऱ्या लेकींला एकच हाय. ज्यांना यायचंय त्या येत्यातच की. तुझं नाव घिऊन मी दरसाल नारळ फोडते.’

खाडकन मुस्काटात बसावी तसं झालं. खरंच होतं ते. चुलतबहिणींच्या सासरीही पुनवेला कुठं ना कुठं काही असायचंच, त्या यायच्या. पण हे तिनं आता सांगावं? इतकी वर्षं फोनवर ‘तिथीच तशी’ म्हणणारी ही बाई! एकदा तरी माझ्या सासऱ्यांना म्हणायचं होतंस, की यंदा लेकीला धाडा, पुरण तुमचं तुम्ही वाटा. मी तसं तोंडावर म्हणले. ती म्हणाली, ‘व्याह्यांना आसं बोलत्यात व्हय?’ आणि पुन्हा लोकर.

नारळ माझ्या नावानं फुटत होता, आणि मी चुलीपुढं. काय करू त्या नारळाला?

मी एकटीच माळावर गेले. कासाराचं पाल भरायचं तिथं पुढाऱ्यांसाठी गुबगुबीत खुर्च्या मांडलेल्या. बांगड्यांचं एकही दुकान नाही, जागाच ठेवली नव्हती. देवळाच्या वाटेला बांबू बांधलेले, आणि छातीला बिल्ला लावलेला एक पोऱ्या हात आडवा करून मला म्हणाला, ‘मावशी, पाव्हण्या बायांनी तिकडून.’ ज्या माळावर मी शेळ्यांमागं पळत मोठी झाले, तिथं मी पाव्हणी! त्याला शिव्या देणार होते, पण त्याला काय माहीत मी कोण. तो जन्मला तेव्हा मी केजकडं पुरण वाटत होते. दर्शन न घेता परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरी आले. मालकांनी विचारलं, कशी झाली जत्रा? मी म्हणलं, लई भारी.

त्या नाचात पुढं भांडणं झाली, खुर्च्या तुटल्या, कमिटी फुटली. त्यामुळं यंदा जत्रा गुपचूप पुनवेवर परत आली. म्हणजे माझ्यासाठी पुन्हा तेच. अशा वेळी लेकीनं तो मोबाइल नाकासमोर धरला होता. ‘मग जा की’ म्हणाली होती. राग उतरल्यावर ते शब्द काही डोक्यातून जाईनात. मायचं बोलणं आणि हिचं बोलणं, दोन्ही एकच तर होतं. एकीनं टोचून सांगितलं आणि दुसरीनं हसून, एवढाच फरक.

पुनवेला सकाळी उठले. डाळ शिजायला घातली, गूळ चिरून ठेवला, वेलदोडे कुटून ठेवले. मग हात धुतले, साडी बदलली आणि सासूबाईंपुढं जाऊन उभी राहिले.

‘आत्याबाई, डाळ चुलीवर हाय. मी माहेरच्या जत्रेला निगाले.’

त्यांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग कळल्यावर त्यांचा आवाज असा चढला की शेजारणी दारात आल्या. ‘आन् पाव्हणे? पुरण कोन वाटंल?’ मालक गोठ्यातून धावत आले. ‘आज? तुला आजच सुचलं का? लोकं काय म्हनतील?’ लेक मधेच म्हणाली, ‘पप्पा, मी वाटते,’ तर तिच्यावरच खेकसले. मी चप्पल घातली. मागं वळून बघितलं, खोटं कशाला सांगू. यस्टीत बसल्यावरसुद्धा मी दोनदा उठले, उतरावं म्हणून. केजला जीपवाल्यानं विचारलं, कुठं? ‘जत्रेला,’ म्हणले, आणि तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा कुठं जीव जरा निवांत झाला.

वाडीच्या वेशीपासून मी पळतच होते. ढोल ऐकू येत होता. माळाच्या चढाला गर्दी दिसली, आणि गर्दीच्या पुढं माझी माय. म्हातारी झालेली, हिरवं लुगडं नेसलेली, अनवाणी, हातात भाताचं ताट. मी बायांना ढकलत पुढं घुसले. चप्पल कुठंतरी पडली. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिच्या खांद्याला खांदा लावून. दम लागला होता, बोलता येईना. मी फक्त तिच्याकडं बघत राहिले. आता ती हसेल. आता ताटाला माझा हात लावून घेईल.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. चेहरा कसा उतरला तिचा! ढोलाच्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणाली, ‘घरी इचारून आलीस का?’

‘इचारून न्हाई. सांगून आले.’

ती थबकली. मागचा ढोलवाला तिच्या पाठीवर आपटता आपटता राहिला. तिनं मागं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून, आणि ताट घट्ट धरून पुन्हा चालायला लागली. मी शेजारून चालत होते. पायाखाली माती तीच, तशीच भाजत होती. देवळाच्या पायरीशी आल्यावर ती तोंड न वळवता म्हणाली, ‘निवद झाला की लगीच नीघ. रातच्याला पाव्हणे जेवायला बसायच्या आत पोच.’

मला तिथंच रडू फुटलं. हुंदक्यांनी अंग गदगदायला लागलं. मागच्या बाया लगबगीनं पुढं आल्या, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी कानशिलावर बोटं मोडली. लेक इतक्या वर्षांनी जत्रेला आली, म्हणाल्या, आनंद मावंना झालाय बिचारीला.