बाबांच्या फोनवरचे निरोप

मूल शहराजवळच्या आमच्या गावात मासेमारांची सोसायटी आहे. उद्या कोणत्या तळ्यावर जाळं टाकायचं, हा निरोप सगळ्यांच्या फोनवर पाठवायची सोय मी करून दिली होती. निरोप पोचवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा तो भाग, माझ्याच हातची. त्याचा मला भलताच अभिमान. निरोप आला की "येतो" किंवा "नाही" दाबायचं. बाबा कायम "येतो" दाबायचे.

बाबा गेल्यावर महिनाभरात सोसायटीचा कंप्युटर दर दोन-तीन दिवसांनी बंद पडू लागला. लायब्ररी मेमरी घेत होती, सोडत नव्हती. मी आधी इंटरनेटला शिव्या दिल्या, मग त्या जुन्या डबड्याला. खोट आपल्याच कामात आहे हे मान्य करायला मला फार वेळ लागतो. शेवटी मेमरीत काय साठलंय त्याची सकाळची आणि दुपारची यादी काढून शेजारी शेजारी ठेवली. सगळी वाढ एकाच नंबरखाली होती. उत्तर आलं नाही की लायब्ररी निरोप पुन्हा पाठवायची, आणि दर खेपेला नवी प्रत करून जुनीही जपून ठेवायची. इतरांचे फोन संध्याकाळपर्यंत रेंजमध्ये यायचे, त्यांचं उत्तर आलं की प्रती पुसल्या जायच्या. हा एकच फोन महिनाभर बंद होता. नंबर बाबांचा होता. मी तिथेच खुर्चीत बसून रडलो.

निरोपांच्या यादीतून बाबांचं नाव काढू का, असं अध्यक्षांना विचारलं.

"काऊन काढतं, बाबू? यंदाची मासोळी निघेपर्यंत राहू दे. त्याचा वाटा तुया मायले जाऊन राह्यला ना."

जादा प्रती पुसणारी ओळ दहा मिनिटांत लिहून झाली. पण मूळ निरोप उत्तरासाठी अडून होतेच. म्हणून घरी येऊन कपाटातला बाबांचा फोन चार्जिंगला लावला. सुरू होताच तो वाजायला लागला आणि थांबेचना. आई चुलीजवळून उठून आली.

"कोन बलावून राह्यलं त्याइले?"

"सोसायटीवाले. तळ्यावर."

ती शेजारी बसली. मी एकेका निरोपाखाली "नाही" दाबत गेलो. शेवटचा उरला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"एक राहू दे."

मी फोन तिच्याकडे दिला. तो निरोप अजून उत्तराची वाट पाहतो आहे. एका निरोपाला अशी कितीशी मेमरी लागते.