घटातला गहू

माझं माहेर वर्ध्याकडचं, गव्हा-ज्वारीचं. लग्न होऊन वडशाजवळच्या या गावात आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, या घरात कोणी धड जेवतच नाही, नुसता भात खातात. त्यांना माझ्याबद्दल तेच वाटायचं. चार पोळ्या खाऊन मी ताटावरून उठले की सासू काळजीनं विचारायची, "अवं, जेवत काऊन नाई?" मी म्हणायची, जेवले की. त्यावर सासरे भाताच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे कोण खाईन मंग?" मी स्वभावानं तोंडाळ आहे, त्यामुळे उत्तर तयार असायचं. पण घर मायाळू होतं. ओरडा झाला की लगेच हसूही व्हायचं.

माझा भाऊ दर चैत्रात नव्या गव्हाचं एक पोतं आणून टाकायचा. रोजच्या पोळ्यांना रेशनचा गहू चालायचा, पण माहेरचा गहू मी सणासुदीसाठी झाकून ठेवायची. त्याच्यावर माझा जीव होता. तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा आणि अंगणातल्या खाटेवर कुरडया घालायच्या. गहू ओलसर करून उखळात कांडायचे, साल निघाली की गूळ घालून खीर शिजवायची. भरड पिठाचे पानगे थापायचे, खाली पळसाचं पान, वर पळसाचं पान, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. पहिल्यांदा पानगे केले तेव्हा सासऱ्यांनी वांग्याच्या भाजीबरोबर पाच खाल्ले आणि हात धुता धुता विचारलं, "भात कवा वाढता?" मी कपाळाला हात लावला.

माझी जाऊ मात्र माझ्या बाजूची झाली. ती इथलीच, धानाच्या बांधावर वाढलेली, पण गव्हाचं काही शिजत असलं की चुलीपाशी येऊन बसायची. मोड आलेले गहू तर ती कच्चेच तोंडात टाकायची. माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणायची. सासूला आम्ही दोघी बाई म्हणायचो.

आमच्या घरी नवरात्रात घट बसतो. टोपलीत शेतातली काळी माती घ्यायची, मधे पाण्याचा कलश ठेवायचा आणि भोवती मातीत गहू पेरायचे. तिसऱ्या माळेपर्यंत पांढरे कोंब वर येतात. दसऱ्याला वीतभर झालेले पिवळे-हिरवे जवारे कापून पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत. घट कसा आला हे बघायला आळीतल्या बाया येतात, आणि जवारे दाट असले तर वर्ष चांगलं जाणार असं म्हणतात. पेरायचा मान बाईंचा. नवी नवरी म्हणून आल्या त्या वर्षापासून तो त्यांच्याकडे होता, आणि त्यांच्या हाताला कधी अपयश नव्हतं.

एका वर्षी मात्र घट एका बाजूनं विरळ आला होता. त्याच हिवाळ्यात जावेचं पाचव्या महिन्यात पोट पडलं. दोन्हींचा संबंध मी लावला नाही, पण आळीनं लावला. विहिरीवर बोललं गेलं, आणि बोललेलं जावेपर्यंत पोचलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती देवघराच्या दारातूनच हात जोडायची, आत जायची नाही.

पुढच्या नवरात्रात तिला पुन्हा दिवस होते. सातवा सरत आला होता. वडशाच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं, डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. तरी आम्ही सगळेच घरात हलक्या पावलानं वागत होतो. बाईंनी घट बसवला, तेव्हा जाऊ पहिल्यांदा देवघरात आली आणि टोपलीसमोर बसून राहिली. ती कशाची वाट बघते आहे, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

तिसऱ्या माळेला माती काळीच होती. चौथ्याला बाईंनी पाणी थोडं जास्त घातलं. पाचव्याला त्यांनी बोटानं माती जरा उकरली आणि लगेच पुन्हा सारखी केली. त्यांचा चेहरा मी पाहिला. एकही दाणा उगवला नव्हता. विरळ नाही, पिवळा नाही, काहीच नाही. बघायला येणाऱ्या बाया बघून गप्प बसायच्या, आणि ती गप्प बसायची रीत बोलण्यापेक्षा वाईट होती.

जावेनं जेवण सोडलं. उपास म्हणून नाही. ताट घ्यायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. मी रागावले, लाडीगोडी लावली, भावजींनी समजावलं. ती फक्त म्हणाली, "ताई, मले सांगून राह्यली ना देवी. मंग कायले खाऊ?" मला तिचा राग आला आणि रडूही आलं. पोटातलं मूल लाथा मारत होतं आणि ही त्याच्यासाठी आधीच सुतक धरून बसली होती.

तिला गव्हाची खीर आवडते, ती तरी खाईल म्हणून मी कोठीतून माहेरचा गहू काढला. पाण्याचा हात लावून उखळात घातला आणि कांडायला लागले. साल निघेना. माझ्या हाताला कांडण्याची सवय आहे, मुसळाखाली गहू कसा लागतो हे मला ठाऊक आहे. हा गहू तसा लागत नव्हता. साल सुटायच्या ऐवजी दाणा खडीसाखरेसारखा टणक लागत होता. मूठभर घेऊन उजेडात आले. दाणा काळपट, आक्रसलेला. वास घेतला, आणि तो वास मला चांगला ओळखीचा निघाला. आमच्याकडे धान उकडतात तेव्हा सगळ्या वाड्यात भरून राहतो तो वास.

इकडे थोडं धान तसंच गिरणीत नेतात आणि थोडं आधी उकडून, वाळवून मग नेतात. उकड्या तांदळाला कीड लागत नाही, तो तुटत नाही, आणि म्हाताऱ्यांच्या पोटाला हलका पडतो. बाई दर वर्षी मोठ्या हंड्यात धान उकडायच्या. राखीला मी माहेरी गेले होते, तेव्हा माझ्या गव्हाला सोंडे लागले असणार. आम्ही गव्हाला एरंडेल चोळतो, कडुलिंबाचा पाला घालतो. भाताच्या घराला हे कुठून माहीत असणार? त्यांना किडीवर एकच उपाय माहीत होता, तो त्यांनी केला. सुनेच्या माहेरचा गहू वाया जाऊ नये म्हणून धानाबरोबर तोही उकडला, उघाड पडल्यावर वाळवला आणि पुन्हा नीट भरून ठेवला. दरवर्षी घटाला दुकानातून ओंजळभर गहू यायचा. या वर्षी घरचा आहे म्हणून त्यांनी कोठीतला घेतला.

उकडलेलं धान पेरून उगवत नाही हे बाईंना काय मी सांगायचं? पण धानाचं बी वेगळ्या कणगीत असतं, खायचं वेगळ्या. गहू त्यांच्या लेखी फक्त खायचा होता. तो बियाणंही असतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

माझी खात्री होती, तरी मी दोन फडकी घेतली. एकात रेशनचा गहू बांधला, एकात कोठीतला. ओली करून गोठ्यातल्या खुंटीला टांगली. रेशनच्या गव्हाला मोड आले. कोठीतला फुगला, चिकट झाला आणि आंबला. दोन्ही फडकी घेऊन मी बाईंना गोठ्यात बोलावलं आणि त्यांच्यासमोर सोडली.

त्यांनी आंबलेला एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. मग गव्हाणीच्या काठाला धरून खाली बसल्या.

"देवीले मी उकडलेलं बी देल्लं," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं."

मी म्हटलं, बाई, तुम्ही चांगल्या मनानं केलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. "कोणाले सांगजो नोको," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. चूक नुसती गव्हाची नव्हती, देवीच्या बाबतीत झाली होती. घटाचा मान सांभाळणारी बाई देवीला मेलेलं बी पेरते, हे गावात कळलं तर काय राहिलं? मला त्यांची कीव आली. पण घरात एक पोटुशी बाई उपाशी होती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाई सांगितलं तर मी सांगीन. ती जेवून नाई राह्यली." मोड आलेला गहू फडक्यात बांधून त्या उठल्या आणि घरात गेल्या.

नवीन घट बसवू असंही मी सुचवून पाहिलं. त्यांनी मान हलवली. बसलेला घट दसऱ्याआधी हलवायचा नसतो.

अष्टमीला संध्याकाळी आळीतल्या बाया आरतीला आल्या. जाऊ भिंतीला टेकून बसली होती, कोणाकडे न बघता. आरती झाली, कापूर विझला. बाया उठायच्या बेतात होत्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "बसा वो जराशा." मग सगळ्यांसमोर त्यांनी ते फडकं सोडलं आणि मोड आलेले गहू जावेच्या ओटीत टाकले. कोठीतल्या गव्हाची एक मूठ शेजारी जमिनीवर ठेवली.

"हा रेशनचा. हा मी धानासंग उकडला, अन् तोच घटात पेरला. कसा उगवन?" मग त्या जावेकडे वळल्या. "तू समजून राह्यली देवी बोलली. देवी काई बोलली नाई, पोरी. मीच तिले बोलू नाई देल्लं."

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं ज्यांच्या हाताची आळी वाखाणणी करायची, त्या बाई मान खाली घालून त्याच आळीसमोर बसल्या होत्या. माझे डोळे भरून आले. मी गोठ्यात केवढ्या फुशारकीनं फडकी सोडली होती, आणि सगळं जड काम त्यांना करायला लागलं.

जावेनं ओटीतला एक गहू उचलला, पांढऱ्या मोडाकडे पाहिलं. "मंग माह्या पोराचं काय होईन, बाई?" तिनं विचारलं.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "ते मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. "पण ह्या गव्हालेई नाई माहीत."

जाऊ रडायला लागली. खूप रडली, आणि रडता रडता तो गहू तिनं तोंडात टाकला. मग दुसरा. त्या रात्री उकडलेल्या गव्हाचीच खीर मी केली. साल होती, जरा चावायला लागत होती, पण आधीच एकदा शिजलेला गहू, चटकन मऊ झाला. जावेनं दोन वाट्या खाल्ल्या. सासऱ्यांनी भात मागितला नाही.

तो घट दसऱ्यापर्यंत तसाच राहिला. बाई रोज माळ चढवायच्या, रोज त्या रिकाम्या मातीला पाणी घालायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःच सांगायच्या की बी मीच मारलं. दसऱ्याला टोपीत खोवायला काही नव्हतं. माती त्यांनी बांधावर नेऊन टाकली, आणि आल्यावर म्हणाल्या, "आता माह्या हातानं घट नाई." आम्ही समजलो रागात बोलल्या असतील. पण बोलल्या तसंच वागायचं त्यांनी ठरवलं होतं.

पौषात जाऊ बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. बाईंनी तिला न्हाऊ माखू घातलं, शेक दिला, सगळं केलं. पण मुलीचा पहिला घास असो की तिला पाळण्यात घालणं असो, शुभाचं काही असलं की त्या हात मागे घ्यायच्या आणि मला पुढे करायच्या. जावेला ते दिसत होतं. मला वाटायचं, तिच्या मनात अजून अढी असेल, म्हणून ती गप्प आहे.

नवरात्र आलं. जावेनंच दुकानातून गहू आणला. टोपलीत माती भरली, कलश ठेवला. बाई मला हाक मारून म्हणाल्या, "पेर तू." मी पुढे झाले, तर जावेनं मला हातानं अडवलं. मुलगी कडेवर होती. तिनं गव्हाची वाटी उचलली आणि बाईंच्या पुढे धरली.

"तुम्हीच पेरा, बाई."

"माह्या हाताचं काई खरं नाई."

"तुमच्याच हातानं पेरायचं," जाऊ म्हणाली. "माह्या पोरीसाठी."

बाईंनी वाटी घेतली. देवघरात सोवळ्यानं बसलेली ती बाई, आयुष्यभर देवीच्या नैवेद्याचा वाससुद्धा आधी कोणाला घेऊ न देणारी. तिनं वाटीतला एक दाणा उचलला आणि आमच्यासमोर, देवीसमोर, दातांखाली धरून फोडला. उष्टं झालं होतं सगळं. त्यांनी तो दाणा चावला, पीठ जिभेवर घोळवलं आणि नीट खात्री करून घेतली.

"कच्चा हाय," त्या म्हणाल्या.

मग आणखी एक दाणा उचलून त्यांनी जावेच्या तोंडाशी नेला. जावेनं तोंड उघडलं. दोघी देवीसमोर कच्चा गहू चावत बसल्या, आणि चावता चावताच बाईंनी पेरायला सुरुवात केली.