डॉक्टरच्या तोंडावरचं फडकं

गुजरातेत कडोदऱ्याला पॉवरलूमच्या कारखान्यात माझी चाळीस वर्षं गेली. सगळे लूम एकदम चालतात तेव्हा जमीन थरथरते. त्या आवाजात मी जेवलो आहे, भिंतीला टेकून झोपलोही आहे. मग दाताच्या डॉक्टरकडचं ते बोटाएवढं मशीन सुरू झालं की माझे तळवे ओले का होतात, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. भित्रा मी नाही. गावात विचारा.

ब्रशचंही तसंच. तुटलेले धागे बोटांनी जोडणारा माणूस मी, पण ब्रशचे केस हिरडीला लागले की मानेपर्यंत शहारा येतो. पेस्टच्या फेसाने ओकारी येते. म्हणून जन्मभर बोटाने मिसरी घासली. बोट मागपर्यंत पोचत नाही, तिथे कीड लागली. बऱ्याच दाढा दुखून दुखून गेल्या. एकदाच डॉक्टरकडे गेलो होतो, तर गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट उठून रिक्षात बसलो.

यंदा उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. भाकरी चावायला खालवर मिळून तेवढी एकच जोडी उरलेली. ती गेली की भाकरी दुधात कुस्करून खायची. ते मला मान्य नव्हतं.

सून अहिराणीत म्हणाली, "नाना, आते चला. नही ते रोज खिचडी."

"मी धमकीला घाबरत नाही."

"धमकी नही, खिचडी शे."

गेलो. डॉक्टर तरुण गुजराती बाई होती. मास्कमधून काहीतरी बोलली. समजलं नाही, तरी मी मान हलवली. तिचा हात पुढे आला आणि मी तिचं मनगट धरून ठेवलं.

ती रागावली नाही. मास्क खाली करून म्हणाली, "काका, दर्द हुआ?"

"अजून हातबी लावला नाही बाईंनी," सून मागून म्हणाली.

मी मात्र दुसऱ्याच विचारात होतो. बाईंचे ओठ दिसले तसे शब्द लख्ख कळले होते. कारखान्यात कानाने कोणी ऐकत नाही. ओठ पाहायचे, हाताच्या खुणा करायच्या. माझे कान मंद झालेत हे मी घरात कधी कबूल केलं नव्हतं. तोंड झाकलेला माणूस पुढे काय करणार ते मला कळत नाही, आणि हात तर थेट तोंडात येतो. मागच्या खेपेला मशीनचा आवाजसुद्धा कानातून आला नव्हता, जबड्याच्या हाडातून आला होता. लूमला तो रस्ता कधी सापडला नाही.

मी जरा ताठ्यातच सांगितलं, "पहले मुँह दिखाके बोलो, बाद में बाँधो. और मैं पंजा उठाऊँ तो मशीन बंद."

"पंजा क्यूँ?"

"हमारे यहाँ पंजा मतलब लूम रोको."

"ठीक है कारीगर, रोकेंगे."

सुई देण्याआधी तिने मास्क खाली करून सांगितलं. मशीन लागलं तसा मी दोनदा पंजा उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काहीच दुखत नव्हतं, खरंच थांबते का एवढंच पाहायचं होतं. थांबली. मग हात मांडीवरच राहिला.

दाढ वाचली, भरून दिली. गालाचा बधिरपणा जाईपर्यंत खायचं नाही म्हणाली. घरी सुनेने भाकरी करून झाकून ठेवली. मी गालाला चिमटे घेत बसलो. पाचव्या चिमट्याला दुखलं, तेव्हा ताट मागितलं.